दुसरा इयरफोन

"एक खोबण काढली की मोठी बॅटरी बसते," पेचकस म्हणाला. "मग दिवसभर वाचत राहील. मध्येच चार्ज करायची कटकट नाही."

पेचकस हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. यंत्राचा सांगाडा तो बनवायचा आणि खिशाला पेनाऐवजी पेचकस अडकवून हिंडायचा, म्हणून ते चिकटलं. टेबलावर यंत्र पडलं होतं. आंधळ्या माणसांसाठी बनवलेलं, साबणाच्या वडीएवढं. समोर पत्र धरलं की वाचून दाखवायचं, दिवसाची कामं लक्षात ठेवायचं. त्याला इयरफोन लावायला दोन खोबणी होत्या. कामाला एक पुरायची. दुसरी लागायची ती फक्त पत्ते खेळायला.

"म्हणजे पत्ते गेले," तपासनीस म्हणाला. खोलीतल्या तिघांत आंधळा तो एकटाच. नवीन काही बनलं की आधी त्याच्या हातात द्यायचं आणि त्याने नाक मुरडलं की परत न्यायचं, अशी कंपनीची पद्धत होती.

"अहो, लोक हे घेणार कामासाठी," मॅडम म्हणाल्या. शेवटचा शब्द त्यांचा असे. "करमणूक हवीच, नाही कोण म्हणतंय? पण तोंडी लावण्यापुरती."

"आधी एक डाव तरी बघा."

त्याने दुसरा इयरफोन पेचकसच्या दिशेने सरकवला. खेळ सोपा होता. पत्ते यंत्रातच वाटले जायचे आणि ज्याचे त्याच्याच कानात यंत्र सांगायचं. आपल्या पाळीला एक पत्ता टाकायचा आणि तो कोणता ते मोठ्याने सांगायचं. खरं सांगा, नाहीतर खुशाल खोटं बोला. पकडले गेलात तर पत्ता परत तुमच्या गळ्यात.

"राजा," पेचकस म्हणाला.

"खोटं."

खोटंच होतं. पुढची राणीही खोटी निघाली. त्यापुढचा एक्काही.

"अरे, माझे पत्ते तुला ऐकू येतायत! वायरीत घोळ आहे काहीतरी."

"वायर ठीक आहे. खोटं बोलायच्या आधी तू खुर्ची पुढे ओढतोस."

मॅडम खो खो हसल्या. पेचकस इरेला पेटला. हातपाय आवळून बसला, श्वाससुद्धा बेताने घेतला आणि शांतपणे म्हणाला, "दश्शी." तपासनीसाला ती खरी वाटली. ती नव्हती. पेचकसने टेबलावर अशी मूठ आपटली की पेले हलले. तपासनीस मान मागे टाकून हसत सुटला. हरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस त्या ऑफिसात कुणी पाहिला नव्हता.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मस्त आहे हो. हा जाऊ द्यायचा नाही. एका खोबणीत नाही का जमणार?"

"जमेल की," पेचकस म्हणाला. "समोरचा खेळाडू यंत्रच करू. माणूस हवाच कशाला?"

"झालं तर मग! बॅटरीही आली, पत्तेही राहिले."

दोघंही खरोखर खूश झाले. तपासनीसाचं हसू मात्र ओसरलं.

"यंत्राला फसवून काय करू?" तो म्हणाला. "ते चिडणार थोडंच आहे?"

"चिडत नाही हे चांगलंच की," पेचकस म्हणाला.

तपासनीसाला आता जे सांगायचं होतं ते ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं, पण न सांगून चालणार नव्हतं.

"आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू माझी पत्रं वाचायला वर यायच्या. पत्र कसलं, बिलच असायचं. पण मग गुडघे, सुनेची तक्रार, कुणाचं लग्न मोडलं... उठायचं नाव नाही. मीच कधी कधी वैतागायचो. तपासायला म्हणून हे यंत्र घरी नेलं आणि काकू यायच्या बंद झाल्या. त्यांचा काय दोष? कामच उरलं नाही." त्याने इयरफोनची वायर बोटाला गुंडाळली. "काल खाली जाऊन सांगून आलो, पत्ते खेळायला या म्हणून. रविवारी येते म्हणाल्या. आता काय सांगू? मी यंत्राशी खेळतोय ते बघायला या?"

मॅडमना मनापासून भरून आलं. तशा त्या वाईट नव्हत्या.

"किती सुंदर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "'पत्र वाचायला आता कुणाची वाट बघायला नको.' खोक्यावर हेच छापू या."

बैठक संपली. खुर्च्या मागे सरकल्या. पेचकसने कानातला इयरफोन काढून टेबलावर ठेवला.

"जेवून आलो की नेतो हे," तो दारातून म्हणाला. "आजच काढून टाकतो खोबण. तू बस निवांत."

बाहेर डबे उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी कुणाच्या तरी डब्यात हात घातला असावा, त्यावरून हशा पिकला. दार हळूहळू आपोआप मिटलं आणि ते आवाजही थांबले.

तपासनीसाकडे अजून चार पत्ते उरले होते.

"समोरचा खेळाडू उठला आहे," यंत्र त्याच्या कानात म्हणालं. आवाज गोड होता; तो निवडताना त्यालाच विचारलं होतं. "डाव मोडायचा का?"

"थांब जरा," तो म्हणाला. "येईल कुणीतरी."