सहा तास दहा मिनिटं

"सहा तास दहा मिनिटं!" थोरलीने सकाळी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. धाकटा राहायचा ते शहर आणि हे, यांमधलं अंतर चार हजार सहाशे किलोमीटर आणि विमानाला लागणारा वेळ एवढा. वडिलांनी पुढचं काही ऐकलंच नाही. तडक आतल्या खोलीत गेले आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोला म्हणाले, "तीनच्या ठोक्याला तुझा लेक हजर!"

आता या माणसाने चौतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर म्हणून काढलेली. गाड्यांच्या वेळा सांगण्यात हयात गेली. पण मोबाइलमधला तो वेळ नकाशावर सरळ रेघ मारून काढलेला असतो, थेट विमान असेलच असं नाही, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना पोरीच्या. दुपारी तीनला धाकट्याचा फोन आला. तो विमान बदलायला उतरलेल्या मधल्याच विमानतळावर अडकला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. "ताई, इथून पुढचं विमान रात्री आहे गं. पहाटे पाचच्या आत मी पोचत नाही."

डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, संध्याकाळ निघाली तर नशीब.

"बाबा, तिला खरं सांगू नका," थोरली कुजबुजली. "धीर सुटेल तिचा."

हे त्यांना शिकवायला नको होतं. गाडी दोन तास उशिरा असली, तरी खिडकीतून 'दहा मिनिटांत येतेय' एवढंच सांगायचं. दोन तास म्हटलं की प्रवासी हातपाय गाळतात. दहा मिनिटं मात्र माणूस कितीही वेळा थांबतो.

ते बायकोच्या उशाशी जाऊन बसले. "विमान उतरलं बरं का. दहा मिनिटांत येतोच."

मग म्हणाले, सामान मिळायचंय, दहा मिनिटं. मग रस्त्यावर ही गर्दी, दहा मिनिटं. पाच वाजले. बाहेर कुठलीही गाडी वाजली, की ती उशीवरून मान उचलायची, दाराकडे बघायची आणि पुन्हा खाली पडायची. दर वेळी तिला धाप लागायची. सहाव्यांदा तिने मान उचलली, तेव्हा त्यांना ते बघवेना. त्यांनी तोंड फिरवलं. आपण हिला धीर देतोय की हिचे हाल करतोय, हेच त्यांना कळेना.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता. "इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी. तुमची दहा मिनिटं मला नवीन आहेत का? कुठे अडकलाय तो?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"मधेच," ते म्हणाले. "पहाटे पाच वाजतील."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून बारा तास होते. हिशेब तिलाही येत होता. दारात उभ्या थोरलीने पदर तोंडात कोंबला.

"मग त्याला फोन लावा," ती उशीवरूनच नवऱ्याला म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नसेल पोराच्या. नीट बसून जेवून घे म्हणावं. आता काही घाई नाही."