सकाळी रुसणारी मोटार

भाईकाकांनी मुंबईहून डिझेलवर चालणारी मोटार आणली, तेव्हा अख्खं भाट्ये गाव बघायला लोटलं! पण थंडी पडली आणि बया बिघडली. दुपारी झक्क पळायची; सकाळी मात्र हँडल मारमारून काका घामाघूम आणि ही ढिम्म!

“आज नाही उठली, तर विकूनच टाकतो!” काका कडाडले.

मला रडूच फुटलं. आणि एकदम सुचलं, सकाळी गोठून दुपारी वितळणारं आपल्या घरात असतं तरी काय? मी टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. काडीला लोण्यासारखा पांढरा गोळा! हुंगला, तर खोबरेल!

“काकी, टाकीत खोबरेल तू घातलंस?” मी दारातल्या काकीला विचारलं.

“मग? नवी लक्ष्मी दारात आलेली, तिला ते वासट तेल कसं घालू? रोज देवाच्या समईत घालत्ये, त्यातलंच आल्या दिवसापासून हिलाही घालत्ये.”

आता काका भडकणार! पण ते नुसते बघतच राहिले. आधी काडीकडे, मग मोटारीकडे, मग वर डुलणाऱ्या माडांकडे.

“म्हणजे बायो,” ते माझ्याकडे वळून पुटपुटले, “इतके दिवस आपण नारळांवर फिरतोय?”