कारण: जोरदार वारा

शत्रूला वेळापत्रक दिलेलं होतं. दहा ते दहा वाजून दहा मिनिटं हल्ला करायचा, तोही फक्त तीन नंबरच्या चॅनेलवर. बाकीच्या चॅनेलांना हात लावायचा नाही. खाली चाचणीप्रमुखांची सही आणि गोल शिक्का.

शत्रू म्हणजे जॅमरवाला. मैदानाच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीत, यंत्रांच्या उबेत तो बसलेला होता. समोर सहा ड्रोन, त्यांच्यापलीकडे मांडव, मांडवात वरून आलेले पाहुणे. ड्रोन आणि तो उडवणारा यांच्यात जे न दिसणारं बोलणं चालतं, ते गोंगाट करून बुडवायचं, हे जॅमरवाल्याचं काम. एकोणीस वर्षं तो ते इमानेइतबारे करत होता आणि कागदोपत्री एकदाही जिंकलेला नव्हता. जिंकू नये अशीच व्यवस्था होती. हे ड्रोन तीन नंबरवर बोलतच नाहीत, एक नंबरवर बोलतात, हे मैदानावरचं गवत कापणाऱ्यालाही ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी त्याने लिहून दिलं होतं, की एक नंबर दाबला की हे ड्रोन बहिरे होतात आणि उपग्रहाचा सिग्नल दाबला की आंधळे. कागद परत आला. कोपऱ्यात शेरा होता: ‘अनावश्यक निराशा’.

तरी तो गप्प बसला असता. एकोणीस वर्षांची सवय होती. पण कालच भाचीशी बोलणं झालं होतं. बहिणीची धाकटी. सीमेवर ड्रोन उडवते.

“मामा, मागच्या खेपेचे ड्रोन हातातून सुटले, की सरळ आमच्याच खंदकावर परत यायचे. पलीकडच्यांना आयता पत्ता मिळाला. आमच्यातले दोघं गेले. नवे बरे आहेत ना रे?”

“बघतो,” तो म्हणाला होता.

आता बघत होता. दहाला दोन मिनिटं कमी असताना सहाही ड्रोन वर चढले. मांडवातल्या भोंग्यातून कंपनीच्या माणसाचा मधाळ आवाज आला, “कितीही जॅमिंग करा, आमचा ड्रोन ढळणार नाही! ती पाहा, शत्रूची गाडी समोर उभीच आहे!”

टाळ्या पडल्या. दोन-चार पाहुण्यांनी गाडीकडे पाहून हात हलवला.

जॅमरवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने एक नंबर दाबला. मग, एवढं केलंच आहे तर म्हणून, उपग्रहाचा सिग्नलही दाबला.

ड्रोन क्षणभर जागीच थबकले, पत्ता हरवलेल्या पाहुण्यासारखे. मग दोन गवतात बसले. दोन एकमेकांना भिडले. एक पाण्याच्या टाकीवर आपटला. सहावा रमतगमत मांडवात शिरला आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर उतरला. सोफा तोवर रिकामा झालेला होता.

गाडीचं दार उघडलं. चाचणीप्रमुख साहेब. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना माती.

“वेळापत्रक दिलं होतं ना तुला?”

“दिलं होतं, साहेब. पलीकडच्यांनाही पाठवलंय का?”

“शहाणपणा नको. नोकरी जाईल.”

“जाऊ दे. पण एक नंबर दाबला की पडतात, एवढं लिहा. एकच ओळ. हवं तर बारीक अक्षरात लिहा.”

साहेबांच्या मागून कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन आला. घामाघूम झाला होता, पण फॉर्म भरून तयार होता. ‘ड्रोन पडण्याचे कारण’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: जोरदार वारा. शत्रुपक्षाच्या सहीची तेवढी जागा रिकामी होती.

जॅमरवाल्याने बाहेर पाहिलं. मांडवाच्या पताका माना टाकून लोंबत होत्या. एकीचंही टोक हलत नव्हतं.

“कुठला वारा?”

“वरचा,” कंपनीचा माणूस म्हणाला. “खालून कळत नाही तो.”

“मी सही करणार नाही.”

“नको करूस,” साहेब म्हणाले. त्यांनी खिशातलं पेन काढलं, फॉर्म गाडीच्या दारावर टेकवला आणि शत्रूच्या जागी स्वतःच सही ठोकली. “उद्या दहाला पुन्हा चाचणी. गाडी हलवायची नाही, फोटोत दिसली पाहिजे. तू यायचं नाहीस. किल्ली दे.”

तो किल्ली काढत होता, तेवढ्यात पायाशी फोन वाजला. मैदानावर फोन आणायला सक्त बंदी आहे, म्हणून सगळे तो डब्याच्या पिशवीतून आणतात. त्याने तो काढून कानाला लावला.

“मामा!” मागे कुठेतरी जड पेट्या ओढल्याचा आवाज येत होता. “झाली का रे चाचणी? सोमवारी नवे ड्रोन येतायत इकडे, आणि पहिला उडवायला माझंच नाव लागलंय. भरवसा ठेवू ना?”

जॅमरवाल्याने स्पीकर लावला आणि फोन साहेबांच्या तोंडापुढे धरला.

“सांगा,” तो म्हणाला. “तिला सांगा वाऱ्याचं.”

साहेबांनी कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. कंपनीच्या माणसाने आभाळाकडे.

“मामा? हॅलो? अरे, कुणी बोलत का नाही? माझा आवाज येतोय ना तुला?”

साहेबांनी हात लांब केला आणि अंगठ्याने फोन बंद केला.