शून्य मिलिमीटर

अकोल्याच्या जठारपेठेत राहणारी उज्मा पाऊस मोजायच्या यंत्राचा प्रोग्राम लिहिते आणि साऱ्या जगाला फुकट वाटते. कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवा आला की दोन दिवसांत ती प्रोग्राम त्यावर चालता करते. मग जपान, ब्राझीलहून आभाराच्या मेल येतात.

यंदा तिच्या शफीमामूची कपाशी पाण्यात सडली, पण विमा मिळेना. तालुक्याच्या सरकारी यंत्रावर पाऊस शून्य होता! उज्मा जाऊन पाहते तर काय, कर्नल नऊ वर्षांपूर्वीचा आणि त्यावर तिच्याच प्रोग्रामची जुनी, बंद पडलेली प्रत.

"दहा मिनिटांत नवं टाकून देते. निदान पुढचा पाऊस तरी दिसंल," ती म्हणाली.

"असं कसं टाकता, मॅडम?" तहसील कचेरीतले बाबू म्हणाले. "ज्यानं हे बनवलं, त्याची लेखी परवानगी पायजे."

उज्मानं तिथंच कागद मागितला, परवानगी लिहिली आणि खाली नाव-पत्ता घालून सही ठोकली.

बाबूंनी ती वाचली अन् कागद परत सरकवला.



"मले येडा समजून राहिल्या का? बनवणारा जठारपेठेत रायते काय? फॉरेनची सही आणा."