सगळ्यात वरची लाल ओळ

"उभा राहा, इनामदार," बागवे सर म्हणाले. भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळ्यात वरची लाल ओळ त्याच्या प्रोग्रामची होती. ज्याच्या प्रोग्राममुळे डेटाबेस सर्वांत जास्त दमला, त्याने सोमवारची मीटिंग संपेपर्यंत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा ऑफिसचा रिवाज होता. डेटाबेसवर नजर ठेवून स्क्रीनवर ही यादी दाखवणारं सॉफ्टवेअर सरांनीच हौसेने आणलं होतं.

इनामदारने सगळे प्रोग्राम पुन्हा लिहून काढले. डेटाबेस तरी रखडतच राहिला. शेवटी त्याने राजीनामा दिला आणि त्याचं काम मंजिरीकडे आलं.

तिने आधी त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज उघडल्या. 'स्वतःचा भार लपवा' या चौकटीत टिक होती. तिने ती काढली, तशी इनामदारची ओळ खाली सरकली आणि वर आलं खुद्द ते सॉफ्टवेअर. दर सेकंदाला 'दमलास का?' असं विचारून विचारून त्यानेच डेटाबेसचा जीव काढला होता.

ती लॅपटॉप घेऊन धावतच सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, दोष इनामदारचा नव्हताच. त्याला परत बोलवूया."

सरांनी शांतपणे सगळं पाहिलं. "हुशार आहेस. आणखी कोणाला दाखवलंस?"

"नाही सर, आधी तुमच्याकडेच आले."

"छान केलंस." त्यांनी टिक परत लावली. "इनामदारचे प्रोग्राम आता तुझ्या नावावर आहेत ना?"

सोमवारी मंजिरी उभी होती. पहिली टाळी सरांनी वाजवली.