कुणी ढकललं नाही

आतल्या खोलीत चाक करकरलं आणि दुपारची शांतता मोडली. थोरली रेणू धाकट्याच्या पांगुळगाड्याशी खेळत असेल, म्हणून मृण्मयीने मान वर केली नाही. धाकटा झोपला की मिळतो तेवढाच तास तिचा, मुलांच्या शब्दकोशासाठी अर्थ लिहायला. ‘ढकलणे : मागून जोर लावणे.’ ‘खुणावणे : खुणेने जवळ बोलावणे.’ ‘प्रेरणा’पाशी मात्र पेन अडलं होतं.

मन तर केव्हाचं धाकट्यापाशी अडलेलं. दीड वर्षाचा झाला, अजून पाऊल नाही. सासूबाई त्याला गाडा धरून उभा करत, हळूच मागून रेटत. तो फतकल मारून बसे. मृण्मयी समोरून खुळखुळा वाजवी. तो हसे आणि रांगत येई. “लबाड आहे गं, सगळं कळतं त्याला,” सासूबाई म्हणत, आणि मग देवापुढे जरा जास्तच वेळ बसत.

“आई, हळू ये,” रेणू दारातून कुजबुजली.

मृण्मयी उठून आली. धाकटा कधीच जागा होऊन गाडा धरून निघाला होता, पाय फाकवत, ओठ घट्ट मिटून, थेट कोऱ्या भिंतीकडे. तिथे कुणीच नव्हतं. खुळखुळा पलंगाखाली पडला होता. मृण्मयीने तोंडावर हात धरला, रडू ऐकून तो खाली बसू नये म्हणून.

रेणूने तिचा पदर ओढला. “आजीनं ढकललं तर बसला, तू बोलावलंस तर रांगला. आत्ता मी बोटसुद्धा लावलं नाही, शप्पथ! मग आई, याला चालवलं कुणी?”