सयाजीवर टाक

दूधसंस्थेच्या ऑफिसातला प्रिंटर वारलेल्या सयाजी क्लार्कच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला होता. नेटवर्कवर त्याचं नावही 'सयाजी'च. नव्या कॉम्प्युटरना तो धड सापडायचा नाही, त्यामुळे दिवसभर एकच ओरडा: "अरे, सयाजीवर टाक की!" "सयाजी दिसंना, राव!"

जुन्नरहून आलेल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या नवनाथनं दुपारभर खटपट करून प्रिंटर थेट नेटवर्कला जोडला आणि त्याला नाव दिलं, 'प्रिंटर एक'.

सयाजी गेल्यावर संस्थेत शिपाई म्हणून लागलेल्या त्याच्या बायकोनं, रत्नानं, चहा पुढं ठेवला.

"भाऊ, नाव तेवढं जुनंच ऱ्हाऊ द्या."

"का ओ, वहिनी?"

"ह्यांचं नाव मला तोंडानं घेता येत न्हाई. घरात आता दुसरं कोन न्हाई. हितं तेवढं दिवसभर कानावर पडायचं."